केशराचे गाव

दिवाळीची पक्वान्ने करायची म्हटली की फडताळाच्या वरच्या कप्प्यातली केशराची डबी खाली येते. चार काड्या दुधात खलताना गृहिणीचा हात किती जपून चालतो, हे आम्ही सांगायला नको. सोन्याच्या खालोखाल काटकसरीने वापरली जाणारी घरातली वस्तू ती! केशर म्हणजे काश्मीरचे, फार तर इराणचे नाहीतर स्पेनचे, असे आपण धरून चालतो. पण एके काळी ते इंग्लंडातल्या धुक्या-पावसातही पिकत असे, आणि त्यावरून एका गावाचे नावच ‘सॅफ्रन वॉल्डन’ पडले, हे किती वाचकांना ठाऊक असेल?

लंडनच्या उत्तरेस चाळीसेक मैलांवर, एसेक्स परगण्यात हे गाव वसले आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत तिथल्या शेतांतून केशराची जांभळी फुले डोलत. कापड रंगवायला, औषधाला आणि स्वयंपाकाला ते केशर जाई. पुढे धंदा बसला, शेते सातूखाली गेली आणि केशर उरले ते फक्त नावात. आज गावाची वस्ती वीस हजारांच्या आत आहे. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावात एक बसथांबा, दोन मंगल कार्यालये आणि एखादे कुलूप लावलेले वाचनालय सापडले, तरी माणूस समाधान मानतो. या गावात काय काय आहे ते आता पाहू.

मंगळवारी आणि शनिवारी गावच्या चौकात बाजार भरतो. त्या चौकातच १८४७-४८ साली बांधलेली धान्य-बाजाराची डौलदार इमारत उभी आहे. नमुन्याच्या पिशव्या घेऊन व्यापारी तिथे गव्हा-सातूचे सौदे करीत. सौदे थांबल्यावर ती पाडून दुकाने काढण्याचा मोह कुणाला झाला नसता? पण १९७५ साली तिथे सार्वजनिक वाचनालय आले. जिथे धान्याची पारख होई, तिथे आता पोरे चित्रांची पुस्तके चाळतात.

तिथून पाच-दहा मिनिटे चालले की पडक्या किल्ल्याच्या आवारात वस्तुसंग्रहालय लागते. संग्रहालयासाठी म्हणूनच मुद्दाम बांधलेल्या ब्रिटनमधल्या अगदी जुन्या इमारतींपैकी ही एक. १८३५ सालापासून ती लोकांना खुली आहे. या संग्रहालयाची एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. १८५१ साली लंडनला जगातले पहिले थोर प्रदर्शन भरले. हिंदुस्थानच्या दालनात एक भरजरी अंबारी मांडायची होती. पण अंबारीला हत्ती हवा! शोधाशोध झाली आणि पेंढा भरलेला हत्ती मिळाला तो या केशराच्या गावात. तो होता मात्र आफ्रिकेतला! बिचाऱ्याने हिंदुस्थानची अंबारी पाठीवर घेऊन हजारो प्रेक्षकांसमोर निमूटपणे आपले काम बजावले.

पुढे चला. ‘ब्रिज एंड’ नावाची शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या धर्तीची बाग आहे आणि तीत उंच कुंपणांचे एक भूलभुलैय्या आहे. बागेला लागूनच चित्रांचे दालन आहे. १८५६ साली एका सधन गृहस्थाने आपल्या चित्रांसाठी बांधलेले हे दालन १९८७ साली ‘फ्राय आर्ट गॅलरी’ या नावाने लोकांना खुले झाले. एडवर्ड बॉडेन, एरिक रॅव्हिलियस अशा त्या परिसरात राहून गेलेल्या चित्रकारांची कामे तिथे जपली आहेत आणि ती जपण्याचे काम गावचे स्वयंसेवक करतात. गावच्या मोकळ्या मैदानावर हिरवळीत कोरलेले दुसरे एक भूलभुलैय्या आहे. त्याची वाट जवळजवळ मैलभर वळसे घेत जाते. १६९९ साली ते नव्याने कोरल्याची नोंद सापडते, म्हणजे मूळचे ते त्याहूनही जुने. त्याला ना दार, ना तिकीट, ना पहारेकरी!

आणि शाळा? ती सर्वांत नवलाची. गावच्या सरकारी माध्यमिक शाळेच्या आवारात २०१३ साली ७४० आसनांचे संगीतगृह उभे राहिले. त्यासाठी एका दात्याने एक कोटी पौंड दिले आणि आपले नाव कळू दिले नाही. दिवसा त्या सभागृहात शाळेची मुले जमतात आणि संध्याकाळी नामांकित वाद्यवृंद वाजतात. आपल्याकडे शंभर रुपयांचा पंखा दिला तरी त्याच्या पात्यावर देणाऱ्याचे नाव तीन ओळींत रंगवतात, हे आठवून वाचक हसले तर आमची हरकत नाही. त्याच शाळेत २००६ सालापासून स्वयंसेवकांच्या बळावर गावचे चित्रपटगृहही चालते.

गावच्या पोहण्याच्या तलावाची आणि व्यायामशाळेची हकीकत तर आपल्या अधिकच जवळची आहे. त्या केंद्राला लॉर्ड बटलर यांचे नाव दिले आहे. हे गृहस्थ १९२९ पासून १९६५ पर्यंत या मतदारसंघाचे खासदार होते. त्यांचा जन्म १९०२ साली अटकेचा. आणि त्यांचे वडील सर माँटेग्यू बटलर १९२५ ते १९३३ या काळात मध्यप्रांताचे गव्हर्नर, म्हणजे मुक्काम नागपूर! आमच्या नागपूरकर वाचकांच्या आजोबांनी त्यांची मोटार रस्त्याने जाताना पाहिली असेल. मुलाने पुढे शिक्षणाचा १९४४ चा प्रसिद्ध कायदा केला. त्या कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झालेच. शिवाय खेळ, व्यायाम आणि मनोविनोद यांची सोय पाहणे हेही स्थानिक शिक्षणखात्याचे कर्तव्य ठरले. युद्धाचे बाँब पडत असताना मुलांच्या खेळण्याची चिंता कायद्याच्या कलमात करणे, ही गोष्ट लहान नव्हे.

आता खरा प्रश्न. हे सारे आले कोठून आणि टिकले कशावर?

तिवईला तीन पाय असतात, तसे याचे आहे. पहिला पाय दात्यांचा. गावात गिब्सन नावाचे क्वेकर पंथाचे घराणे होते. दारूभट्टी आणि पेढी यांवर त्यांनी पैसा मिळवला आणि बाग, चित्रदालन, ग्रंथसंग्रह अशा रूपांनी त्यातला बराच गावाकडे परत आला. दुसरा पाय कराचा. गावची साहित्यसंस्था १८३२ सालची, पण ती वर्गणीदारांची. ज्याच्या खिशात वर्गणी, त्याच्या हातात पुस्तक. १८५० च्या कायद्याने शहरांना ग्रंथालयासाठी पौंडामागे अर्धा पेनी कर बसवण्याची मुभा दिली. मुभा होती, सक्ती नव्हती. १९६४ च्या कायद्याने मात्र चांगले वाचनालय चालवणे हे सरकारी कर्तव्यच ठरले आणि पुस्तक घरी नेण्याला पैसा पडू नये असे ठरले. योगायोग असा की त्याच १९६४ साली गावाची आगगाडी बंद झाली. गाडी गेली, पण १९६७ साली त्या जुन्या साहित्यसंस्थेचा ग्रंथसंग्रह कौंटीच्या हवाली होऊन सर्वांचा झाला. तिसरा पाय स्वयंसेवकांचा. पगार नाही, मान नाही, पण आठवड्याचे काही तास ठरलेले.

यांतला एक पाय लचकला तर काय होते, तेही एसेक्सने पाहिले आहे. २०१० नंतर इंग्लंडात स्थानिक संस्थांचे सरकारी अनुदान आटत गेले आणि देशभर शेकडो वाचनालयांना टाळे लागले. २०१८ साली एसेक्सच्या कौंटी कौन्सिलने आपल्या ७४ पैकी २५ वाचनालये बंद करण्याचा विचार मांडला. कुऱ्हाड होती ती मुख्यतः लहान गावांवर. तेव्हा पोरेबाळे घेऊन बायामाणसे फलक धरून रस्त्यावर आली. ज्याला घरी पुस्तकांचे कपाट आहे त्याचे काही बिघडणार नव्हते. पण ज्या मुलाला घरी अभ्यासाला कोपरा नाही, ज्या आजोबांना दिवसभर बोलायला माणूस नाही, त्यांचे काय? वाचनालय ही गावातली अशी एकच जागा, जिथे काही विकत न घेता तासभर बसता येते आणि ‘काय पाहिजे?’ असे दरडावून कुणी विचारत नाही. अखेर २०१९ साली कौन्सिलला माघार घ्यावी लागली.

वाचकहो, दाते आपल्याकडेही झाले. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, म्हणजे इंग्लंडच्या त्या पहिल्या कायद्याहून दहा वर्षांनी वडील! आपल्या राज्याचा ग्रंथालयांचा कायदाही १९६७ चाच आहे; मात्र त्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही, अनुदान आहे. आणि अनुदान वेळेवर येते की नाही, ते आपल्या वाचनालयाच्या ग्रंथपालाला एकदा विचारून पाहा. त्याचा चेहराच उत्तर देईल.

तेव्हा या दिवाळीत एवढेच करा. भाऊबीज आटोपली की मुलांना घेऊन जवळच्या वाचनालयात जा. वर्गणी थकली असेल तर भरा. दार बंद असेल तर ते का बंद आहे, हे नगरसेवकाला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. केशर काय, दुकानातून विकतही आणता येते. पण सर्वांनी मिळून बसायची जागा एकदा गेली, की ती कुठल्याच दुकानात मिळत नाही.