आरशाचा मालक कोण?

कोपरगावच्या बसस्थानकावर गाडीची वाट पाहणारा तरुण स्वतःचे छायाचित्र काढतो, इन्स्टाग्रामवर टाकतो आणि किती जणांनी पसंती दिली ते पुनःपुन्हा पाहत राहतो. वडीलधारी मंडळी म्हणतात, ही पिढी आत्ममग्न झाली. हा निवाडा आम्हांस घाईचा वाटतो.

ग्नाम्ब्स व आपेल या संशोधकांनी 2018 साली 57 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. आत्मप्रौढी आणि समाजमाध्यमांचा वापर यांत संबंध आढळला, पण माफक. आणि कारण कोणते, परिणाम कोणता, हे त्यावरून ठरत नाही. नफा कोणाचा, हे मात्र ठरलेले आहे. इन्स्टाग्राम 2012 पासून फेसबुकच्या, म्हणजे आजच्या मेटाच्या मालकीचे. या कंपनीचे जवळजवळ सारे उत्पन्न जाहिरातींचे. तरुण जितका वेळ त्या आरशापुढे बसेल तितकी तिची कमाई अधिक. कोपरगाव हा साखर कारखान्यांचा तालुका. उसाच्या वजनात खोट निघाली तर शेतकरी भांडू तरी शकतो. या मुलांचा वेळ कोणत्याच काट्यावर चढत नाही.

आणि आरशाची चटक लावली कोणी? चौकाचौकांतले वाढदिवसाचे फलक, त्यांवरची 'भावी' पदे, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग, हे सारे मुलांच्या हाती स्मार्टफोन येण्याआधीचे. मुंबई उच्च न्यायालयाने 2017 साली बेकायदा फलक हटविण्याचे आदेश दिले, तरी हौस सरली नाही. त्या रांगेत आपले कार्यकर्तेही असतात. शिबिराला आलेला मुलगा चर्चेआधी छायाचित्र काढतो याचा राग येत असेल, तर पुढच्या शिबिराचा फलक एकाही चेहऱ्यावाचून लावून पाहावा.