चौथऱ्यातला कोल्हा

आमच्या पेठेतल्या हुतात्मा स्तंभाची डागडुजी झाली. फरशी नवी, साखळ्या नव्या, आणि कोनशिला तर एवढी मोठी की स्तंभच तिच्या आधारानं उभा आहे असं वाटावं. शुभहस्ते, प्रमुख उपस्थिती, संकल्पना, विशेष सहकार्य, सगळी नावं सोनेरी अक्षरांत. ज्यांच्यासाठी स्तंभ, त्यांची नावं मागच्या बाजूला, गटारीकडं तोंड करून. त्यातल्या दोघांवरून पेंटरनं ऑइलपेंटचा हातही फिरवलाय. मागं पाणपोईच्या कोनशिलेबद्दल मी लिहिलं होतं, तेव्हा फोन आले होते. आताही येतील. पहिला बापूंचा येईल, कारण 'विशेष सहकार्य'मध्ये तेही आहेत.

म्हणून बापूंना आधीच म्हटलं, इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या बकडेन पाइकवरच्या स्मारकाची गोष्ट ऐका. 702 मीटर उंचीचा डोंगर. 1942 च्या जानेवारीअखेरीस, हिमवादळात, पोलिश वैमानिकांचं एक वेलिंग्टन बॉम्बर तिथं आदळलं. ब्रॅमकोटच्या 18 नंबरच्या ऑपरेशनल ट्रेनिंग युनिटचं विमान, सरावाला निघालेलं. आत सहा जण, त्यातले पाच गेले. वाचला तो शेपटाकडचा गनर, त्याचाही पाय मोडलेला.

बर्फात त्याला कोल्ह्याच्या पावलांचे ठसे दिसले. असल्या हवेत कोल्हा पोटासाठी वस्तीकडंच उतरणार, असा हिशेब त्यानं मांडला. आपल्याकडं कोल्हा काकडीला राजी असतो. हा बहुतेक कोंबड्यांच्या आशेनं निघाला असावा. ठसे धरून गनर खुरडत, सरपटत खाली आला, तो क्रे नावाच्या वाडीत, व्हाइट लायन या पबपाशी.

1973 मध्ये त्यानं त्याच डोंगरावर दगडी क्रूस उभारला. चौथऱ्यात विमानाचे तुकडे बसवले आणि कोल्ह्याचं ब्राँझचं छोटं मुंडकं. मजकुरात देवाचे, आईवडिलांचे, गावकऱ्यांचे आभार आहेत आणि पाच सोबत्यांची आठवण. खाली सहीच्या जागी 'वाचलेला' एवढंच. त्यानं तिथं स्वतःचं नाव घातलं नाही, म्हणून मीही इथं घालत नाही.

"म्हणजे कोल्ह्याचं मुंडकं हाय आणि बांधणाऱ्याचं नाव न्हाई?" बापू म्हणाले. "मग पैसं कुणाच्या फंडातनं पडलं?"

पण माझं डोकं फिरलं ते त्यांच्या पुढच्या प्रश्नानं. "सरावात गेली म्हणतोस. म्हणजे लढाईत न्हाई. मग त्यास्नी हुतात्मा कसं म्हणायचं?"

हा प्रश्न एकट्या बापूंचा नाही. कुठल्याही समितीच्या बैठकीत तो चहाच्या आधी निघतो. ब्रिटिश बॉम्बर कमांडचे 55,573 जण त्या युद्धात गेले, आणि त्यातले आठ हजारांहून जास्त सरावात किंवा लढाईबाहेरच्या अपघातांत. शत्रूचं तोंडही न बघता. आघाडीवर वापरून खिळखिळी झालेली विमानं या सरावाच्या शाळांच्या गळ्यात मारली जायची. पोरं विशीतली. रात्रीचं उडायचं, खाली युद्धामुळं सगळीकडं अंधार. वेग, दिशा आणि वाऱ्याचा अंदाज यांचं गणित मांडून आपण कुठं आहोत ते ठरवायचं. वारा बदलला की गणित चुकतं, आणि ढगात एखादा डोंगर उभा असतो. शत्रूची तोफ निदान आवाज तरी करते. बापूंना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तरी पण कागदावर काय म्हणायचं?"

पोलिश म्हटल्यावर कोल्हापूरकराचे कान टवकारणारच. 1943 ते 48 या काळात आपल्या वळिवड्याच्या छावणीत पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित होते, बहुतेक बायका आणि पोरं. घरचे पुरुष कुठं तरी कुणाच्या तरी सैन्यात. त्यांचा स्तंभ महावीर गार्डनमध्ये आहे. सकाळी फिरायला जाणारे त्याच्यासमोर हात वर करून मोठ्यानं हसतात, तो हास्य क्लबचा भाग असतो. तिकडं बकडेन पाइकच्या त्या पाच जणांना न्यूआर्कच्या दफनभूमीत पुरलं. पुढच्याच वर्षी पोलंडचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की विमान अपघातातच गेले आणि त्यांनाही तिथंच ठेवलं. 1993 मध्ये त्यांना मायदेशी, क्राकोला नेलं. ही पोरं न्यूआर्कलाच राहिली.

मला खरा अचंबा वेगळाच वाटतो. तो सगळा मुलूख मेंढपाळांचा. वसंतात कोकरं झाली की कोल्हा हा तिथला एक नंबरचा दुश्मन. अशा लोकांच्या डोंगरावर कोल्ह्याचं मुंडकं मानानं बसवायचं, म्हणजे आपल्याकडं ऊसवाल्यांच्या गावात रानडुकराचा पुतळा. तरी गावकरी त्या गनरच्या बाजूनं उभे राहिले असणार, नाही तर आभारात त्यांचं नाव कशाला आलं असतं?

बापू बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, पटलं.

"ब्राँझचं म्हणालास न्हवं?" ते म्हणाले. "आपल्या पेठेत पयल्या अमुशालाच गेलं असतं. भंगारात सध्या भाव काय चाललाय, ठाऊक हाय काय तुला?"