धर्माची गाय आणि तिचे दात

घरच्या कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर उडवणाऱ्यांत मोफत विमानांबद्दल दोन पंथ आहेत. पहिला पंथ विमान डाउनलोड करतो, ते चाललं नाही की पाच मिनिटांत 'कचरा' म्हणून डिलीट करतो आणि जाता जाता बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतो. दुसरा पंथ सभ्य. 'फुकट दिलंय ना, मग नावं कशाला ठेवायची?' असं म्हणतो आणि वर ती म्हण ऐकवतो: धर्माची गाय आणि दात का गं नाय. पहिल्या पंथाचा मला वैताग येतो. पण माझं खरं भांडण आहे ते दुसऱ्याशी.

पहिल्यांचं आधी उरकतो. 'विमान यादीत दिसतच नाही' या तक्रारीचं कारण बहुतेकदा विमानात नसतं, फोल्डरमध्ये असतं. झिप उघडली की फोल्डरच्या पोटात त्याच नावाचा आणखी एक फोल्डर तयार होतो. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर कम्युनिटी फोल्डरमध्ये एकच पायरी खाली बघतो. मॅनिफेस्ट आणि लेआउट या दोन जेसन फाइली तिथे सापडल्या नाहीत, तर त्याच्या लेखी ते विमान जन्मालाच आलेलं नाही. फ्लाइटगिअरची गंमत वेगळी. गिटहबवरून झिप घेतली की फोल्डरच्या नावाला 'मास्टर' किंवा 'मेन' असं शेपूट चिकटून येतं. विमानाच्या आतल्या फाइली एकमेकींना मूळ नावानेच हाका मारतात, त्यामुळे ते शेपूट छाटेपर्यंत विमान धड उभं राहत नाही. हे रीडमीमध्ये लिहिलेलं असतं. पण रीडमी वाचणं आपल्याकडे कमीपणाचं मानतात.

मग पुढची तक्रार: 'इंजिनच चालू होत नाही.' फ्लाइटगिअरसोबत येणारी सेस्ना 172पी घ्या. तिच्या चाकांखाली ठोकळे असू शकतात, पंख दोरांनी बांधलेले असू शकतात, पिटो ट्यूबवर कव्हर असू शकतं. मिक्स्चर पुढे ढकललं नाही, मॅग्नेटो चालू केले नाहीत तर ती ढिम्म बसून राहते, कारण खरी सेस्नाही तशीच बसून राहते. एवढं सगळं कुणीतरी कामधंदा सांभाळून, पगार न घेता बनवलंय आणि आपण ते स्कूटीसारखं बटण दाबून चालू व्हावं म्हणून चिडतोय. (मेन्यूत ऑटोस्टार्ट आहे. तोही कुणी बघत नाही.)

आता सभ्य मंडळी. त्यांची चूक शब्दापासूनच सुरू होते. 'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन वेगळे शब्द मराठीत असताना आपण दोन्हींसाठी पहिलाच वापरतो. फ्लाइटगिअर आणि त्याच्या अधिकृत संग्रहातली विमानं जीपीएल परवान्याखाली येतात. हा परवाना तुम्हाला नुसतं वापरायला देत नाही. उघडून बघा, बदला, बदललेलं पुढे वाटा, असं सांगतो. म्हणजे ही दानाची गाय नव्हेच. हा सामायिक गोठा आहे. आणि सामायिक गोठ्यातल्या गायीचे दात मोजायचे नाहीत तर कुणाचे मोजायचे?

शिवाय ते मोजता येतात, ही यातली खरी मजा आहे. जेएसबीसिम नावाच्या फ्लाइट मॉडेलवर चालणाऱ्या विमानाचं वजन, जडत्व, लिफ्ट, ड्रॅग हे सगळं साध्या एक्सएमएल फाइलीत तक्त्यांच्या रूपात लिहिलेलं असतं. नोटपॅडमध्ये उघडतं. 172पीच्या एअरस्पीड इंडिकेटरवरचा हिरवा पट्टा 44 नॉटपासून सुरू होतो. म्हणजे फ्लॅप वर असताना आणि वजन पूर्ण 2400 पौंड असताना ती साधारण त्या वेगाला स्टॉल व्हायला हवी. वजन 2400 ला आणा, पुरेशा उंचीवर जा, पॉवर काढा, नाक हळूहळू वर धरून उंची टिकवा आणि काटा बघत राहा. आकडा बराच वेगळा आला तर तो लिहून कळवा. वजन, उंची, फ्लॅप, आलेला वेग. तुम्ही एकटेच असाल आणि टाकी अर्धी रिकामी असेल तर वेग कमीच येणार, म्हणून वजनाशिवायची तक्रार काही कामाची नाही.

इथे नेहमीचा युक्तिवाद येतो की दर्जा हवा तर पैसे मोजा. फ्लायबायवायरचा ए320निओ बघा. मायक्रोसॉफ्टच्या 2020 च्या सिम्युलेटरमधल्या मूळ विमानाची डागडुजी म्हणून सुरू झालेलं हे काम मोफत आहे, त्याचा सोर्स कोड गिटहबवर उघडा पडलाय, आणि त्याला कुणी 'फुकटातलं' म्हणून हिणवत नाही. उलट विश्वासाचं म्हणाल तर फेब्रुवारी 2018 मध्ये फ्लाइट सिम लॅब्ज या पैसे घेणाऱ्या कंपनीच्या ए320 च्या इन्स्टॉलरमध्ये क्रोममधले पासवर्ड उचलणारी फाइल सापडली. आपण ती चोरीची प्रत वापरणाऱ्यांना पकडण्यासाठी ठेवली होती, असा कंपनीचा खुलासा होता. म्हणजे किंमत मोजली म्हणून आत काय आहे ते कळत नाही. त्याहून विनोदी प्रकार म्हणजे फ्लाइटगिअरच वेगळ्या नावांनी, चकचकीत जाहिराती करून विकणारे लोक. जीपीएलमध्ये विकायला बंदी नाही. पण घेणाऱ्याला बिचाऱ्याला माहीतच नसतं की आपण पैसे देऊन तीच गाय घरी आणली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे मला एक गोष्ट जास्तच टोचते. हिंजवडीत दिवसभर जिरावर तिकिटं टाकणारी माणसं आपण. बग कसा मांडायचा, काय केल्यावर तो दिसतो, काय अपेक्षित होतं आणि काय झालं, हे झोपेतही लिहू शकतो. नोकरीच्या मुलाखतीत 'ओपन सोर्सची आवड' असंही ठोकून देतो. आणि संध्याकाळी त्याच ओपन सोर्स विमानाचा अल्टिमीटर चुकीचा दिसला तर? 'जाऊ दे, फुकट आहे.' हा समंजसपणा वाटतो, पण हा आळस आहे. बनवणाऱ्याला शिवी देणारा निदान काहीतरी बिघडलंय एवढं तरी कळवतो. सभ्य माणूस मान डोलावून गप्प बसतो आणि ती चूक पुढच्या आवृत्तीत, तिच्यापुढच्या आवृत्तीत तशीच राहते. मग कधीतरी विमान सांभाळणारा कंटाळून जातो आणि आपण हळहळतो की 'चांगलं होतं हो, पण अपडेट यायचं बंद झालं.'

इंग्रजी कच्चं आहे, ही सबबही चालणार नाही. 'वजन 2400, फ्लॅप शून्य, स्टॉल अमुक नॉट' याला व्याकरण लागतं कुठे? पहिलं उत्तर बहुधा एवढंच येईल, की आवृत्ती कोणती? ती हेल्प मेन्यूतल्या अबाउटमध्ये लिहिलेली असते.