फीत कापून शाळा डिजिटल होत नाही!

प्राथमिक शाळांच्या डिजिटलीकरणाच्या नावाने महाराष्ट्रात जो देखावा चालला आहे, तो आता थांबलाच पाहिजे! टीव्ही आला, टॅब आले, पुढाऱ्यांनी फीत कापली, फोटो छापून आले. पुढे काय? बिल थकले, वीज तोडली गेली आणि जुन्या चादरीत गुंडाळलेला टीव्ही पोषण आहाराच्या तांदळाशेजारी जाऊन बसला. ही कथा एका गावाची नव्हे. ३० पटापर्यंतच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून संयुक्त अनुदान मिळते वर्षाला १० हजार रुपये! वीज, इंटरनेट, खडू, झाडू, डागडुजी, सारे त्यातच भागवा, असे सांगणाऱ्यांना डिजिटल शाळेच्या घोषणा करण्याचा अधिकार काय?

आमचा यंत्राला विरोध नाही. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडला. कोडवर मोबाइल धरला की कविता कानी पडते, धडा डोळ्यांपुढे उभा राहतो. २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. तिथे यंत्र चालले, कारण आपल्या वर्गातल्या मुलाला काय अडते हे ओळखणारा शिक्षक त्यामागे होता.

आणि अशा शिक्षकाचे आपण काय केले? शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे. तरीही आज आहाराची नोंद, उद्या लिंक, परवा फोटो, आणि प्रत्येक संदेशावर ‘तात्काळ’चा शेरा! पहिलीतले पोर उलटा ‘ळ’ काढलेली पाटी पुढे धरून उभे आहे आणि गुरुजींची नजर मोबाइलमध्ये! शिकवण्यासाठी आलेल्या तंत्रज्ञानाने शिकवण्याचीच वेळ खाल्ली. हा गुन्हा आहे आणि तो मंत्रालयापासून पंचायत समितीपर्यंत सगळ्यांच्या माथी आहे.

रयतेच्या घामाच्या पैशाने तिजोरी भरते, मग शिक्षण वरच्या वर्गांनाच का, हा जाब जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडला. तोच जाब आज विचारावा लागतो. २०२० मध्ये शाळांना टाळे लागले, तेव्हा ज्याच्या घरी मोबाइल होता तो शिकला; ऊसतोड कामगाराचे मूल अक्षरे विसरले. एवढे होऊनही सरकारचे डोळे उघडले नसतील, तर ते मिटून घेतलेले आहेत, असेच म्हणावे लागेल.

म्हणून आमच्या मागण्या स्वच्छ आहेत. प्रत्येक सरकारी प्राथमिक शाळेचे वीज आणि इंटरनेटचे बिल शासनाने थेट भरावे. प्रत्येक केंद्राला एक तंत्रज्ञ द्यावा आणि ऑनलाइन माहितीसाठी स्वतंत्र लेखनिक नेमावा. गोंडी, कोरकू, भिली बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांच्याच भाषेतले पाठ तिथल्या शिक्षकांकडून, मानधन देऊन तयार करून घ्यावेत. हे होईपर्यंत एकाही नव्या टॅबची निविदा निघता कामा नये! आणि गावकऱ्यांनो, शाळा व्यवस्थापन समिती तुमची आहे. पुढचा पुढारी फीत कापायला आला, तर त्याच्या हाती कात्री देण्याआधी थकलेले वीजबिल द्या!