घर आणि चूल : थंडीतील संत्र्याचा केक



आगमनकाळ सुरू झाला, की नाताळच्या फराळाची चर्चा घरोघरी निघते. अनगोळसारख्या ठिकाणी गोव्याकडील नेवऱ्या, दोदोल आणि बेळगावचा कुंदा ही एकाच ताटात शेजारी बसतात. त्यांच्या जोडीला सुक्या मेव्याचा केक हवा असे अनेकींना वाटते. परंतु बेदाणे, काजू व लोणी यांचा खर्च सर्वांनाच झेपतो असे नाही. ऋण काढून सण करावा, असे प्रभूच्या गोठ्याने कोणास शिकविलेले नाही. म्हणून यंदा आम्ही संत्र्याचा हलका केक सुचवितो. याच दिवसांत नागपुरी संत्री बाजारात भरपूर येतात.

साहित्य असे : अंडी ३, साखर व मैदा प्रत्येकी १५० ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड चहाचा चमचा, चिमूटभर मीठ, एका मोठ्या संत्र्याची साल आणि चार मोठे चमचे रस.

संत्रे कोमट पाण्याने धुऊन, सोलण्यापूर्वीच बारीक किसणीवर हलक्या हाताने किसावे. सुगंधी तेल वरच्या नारिंगी भागात असते. खालचा पांढरा भाग कडू असल्याने तो येऊ देऊ नये. कीस साखरेत बोटांनी चोळावा, म्हणजे ते तेल साखरेत उतरते. रंग वा इसेन्सची गरज उरत नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फूट उंचीवर आहे. इथल्या डिसेंबरच्या सकाळी लोणी दगडासारखे होते, आणि गार अंडी त्यात घातली की मिश्रण फाटते. तेव्हा लोणी तासभर चुलीपासून जरा दूर, पण उबेत ठेवावे. अंडी न फोडता दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावी. मग लोणी व साखर पांढरट होईपर्यंत फेसावी. त्यात एकेक पिवळा बलक, नंतर रस आणि मीठ व पावडर घालून चाळलेला मैदा आळीपाळीने मिसळावा. अंड्यांचा पांढरा भाग वेगळ्या, कोरड्या भांड्यात घट्ट फेसून शेवटी अलगद मिसळावा. केकचा हलकेपणा या फेसात कोंडलेल्या हवेत आहे. जोराने ढवळल्यास ती निघून जाते. ओल लागताच पावडरीतून वायू सुटू लागतो, म्हणून मिश्रण ताटकळत ठेवू नये.

भट्टी असल्यास १७० अंश सेल्सिअसवर ३५ ते ४० मिनिटे पुरतात. नसल्यास जाड पातेल्यात इंचभर वाळू पसरून, झाकण ठेवून ती पंधरा मिनिटे तापवावी. वर तिवई व तिच्यावर केकचे भांडे ठेवून मंद आचेवर पाऊण तास भाजावे. जुन्या गृहिणी झाकणावर निखारेही ठेवीत. पहिला अर्धा तास झाकण उघडू नये, नाहीतर केक मध्येच बसतो. काडी खुपसून कोरडी निघाली, की झाला.

मेव्याचा केक आठवडेच्या आठवडे टिकतो. हा मात्र दोन-तीन दिवसांचाच सोबती. आम्हांस हा त्याचा दोष वाटत नाही. जो पदार्थ साठवून ठेवता येत नाही, तो वाटावाच लागतो. दात गेलेल्या आजोबांना आणि आजारातून उठलेल्या माणसाला तो सहज खाता येतो.

आणखी एक विनंती. ज्या घरी यंदा मृत्यूने प्रवेश केला, तेथे नाताळला कढई चढत नाही. अशा घरी थाटाचे ताट नेण्यास मन धजत नाही, आणि संकोचापोटी कोणीच जात नाही. ते घर सणाच्या दिवशी दुप्पट एकटे पडते. या साध्या केकचे चार तुकडे स्वच्छ फडक्याखाली झाकून न्यावे, घटकाभर बसावे, गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे, आणि जमल्यास मध्यरात्रीच्या मिस्सेला त्या घरच्यांना आपल्या सोबत चलण्यास सांगावे. आपल्या घरचा केक कापण्याआधी हे तुकडे बाजूस काढावे, एवढेच मागणे.