शिबिराचे सात दिवस
'शिबिराला गेल्यास अभ्यास बुडेल,' ही पालकांची चिंता रत्नागिरीतही ऐकू येते. गांधी जन्मशताब्दी वर्षात, १९६९ साली, ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा व सात दिवसांचे निवासी शिबिर करावयाचे असते. कोकणातील ओढ्यावर वनराई बंधारा घालताना पोत्यांची व माणसांची मोजदाद ठेवावी लागते, ग्रामस्थांचे सहकार्य मिळवावे लागते. शिध्याचा खर्च सांभाळणाऱ्यास रोज रात्री वही व रोकड जुळवावी लागते. दहा रुपयांची तफावतही शोधावी लागते. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी जमाखर्च वर्गात शिकतो. इतरांच्या पैशाची जबाबदारी येथे प्रथम अनुभवतो. बँकेत वा व्यापारात पुढे याच सवयीवर विश्वास टाकला जातो. सुज्ञ पालकांनी हे सात दिवस अभ्यासातच धरावेत.