न्यायासनावर पक्षाचें बिरुद

न्यायाधीश लोकांनींच निवडावा, ही कल्पना वरवर पाहणाऱ्यास मोठी लोकशाहीची वाटते. अमेरिकेंत १८३२ सालीं मिसिसिपी संस्थानानें आपल्या सर्व न्यायाधिशांची निवड लोकांच्या हातीं दिली, आणि पुढें अनेक संस्थानांनीं तोच कित्ता गिरविला. ज्यांनीं ही रीति पाडली त्यांचा हेतु वाईट होता, असें आम्ही म्हणत नाहीं. गव्हर्नर व विधिमंडळ यांच्या मेहेरबानींतून न्यायाधीश सुटावा, हा त्यांचा एक उद्देश होता. परंतु एका धन्याच्या तावडींतून सुटलेला न्यायाधीश दुसऱ्याच्या दारीं बांधला जाईल, आणि तो दुसरा धनी राजकीय पक्ष असेल, हें त्यांच्या ध्यानीं आलें नाहीं. त्याचें फळ उत्तर कॅरोलिना संस्थानाच्या अलीकडील इतिहासांत पाहावें.

तेथील अपील न्यायालयाचे व सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आठ वर्षांच्या मुदतीनें निवडून येतात. २००४ पासून कांहीं वर्षें या निवडणुकींत मतपत्रिकेवर पक्षाचें नांव छापीत नसत. विधिमंडळानें ही चांगली रीति मोडली. २०१६ सालीं अपील न्यायालयाच्या आणि २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या उमेदवारांपुढें पक्षाचें नांव पुनः झळकलें. २०२२ च्या फेब्रुवारींत तेथील सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध तीन मतांनीं निर्णय दिला कीं, पक्षाच्या सोयीसाठीं मतदारसंघांच्या सीमा वांकड्यातिकड्या आंखणें घटनाविरुद्ध आहे. नोव्हेंबरांतील निवडणुकींत दोन जागा डेमोक्रॅटिक पक्षाकडून रिपब्लिकन पक्षाकडे गेल्या. २०२३ च्या एप्रिलांत त्याच न्यायालयानें फेरसुनावणी करून पांच विरुद्ध दोन मतांनीं तो निर्णय फिरविला! घटनेचें एक अक्षरहि बदललें नव्हतें. बदललीं होतीं तीं दोन माणसें. यांतील कोणता निर्णय बरोबर, हा वाद आम्हांस येथें करावयाचा नाहीं. दोन्ही वेळां न्यायमूर्तींचीं मतें तंतोतंत पक्षांप्रमाणें विभागलीं, एवढेंच आमच्या म्हणण्यास पुरे आहे.

२०२४ चें प्रकरण याहूनहि बोधप्रद आहे. अपील न्यायालयाचे न्यायाधीश जेफरसन ग्रिफिन हे रिपब्लिकन पक्षातर्फें सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ति ॲलिसन रिग्ज यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि ७३४ मतांनीं मागें पडले. त्यांनीं साठ हजारांहून अधिक मतांवर हरकत घेतली. दावा फिरत फिरत आला तो त्यांच्याच अपील न्यायालयापुढें! तेथें दोन रिपब्लिकन न्यायाधिशांनीं सहकाऱ्याच्या बाजूनें मत दिलें. तिसऱ्या, डेमोक्रॅटिक न्यायाधिशानें विरुद्ध दिलें. सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल सौम्य केला, पण सर्वस्वी रद्द केला नाहीं. तेथील एका रिपब्लिकन न्यायमूर्तींनीं आपल्या पक्षबंधूंहून भिन्न मत नोंदविलें, हें त्यांस भूषणावह आहे. अखेर २०२५ च्या मे महिन्यांत संघीय न्यायाधीश रिचर्ड मायर्स यांनीं रिग्ज यांचा विजय कायम करण्याचा हुकूम दिला. मायर्स यांस नेमलें होतें रिपब्लिकन अध्यक्ष ट्रंप यांनींच. परंतु त्यांची नेमणूक तहाहयात असल्यामुळें त्यांस कोणाच्याहि दारीं मतें मागावयास जावयाचें नव्हतें.

या पद्धतीचे कैवारी म्हणतात कीं, मतदारास उमेदवारांची ओळख नसते, तेव्हां पक्षाचें नांव हा त्याच्या हातीं दिलेला दिवाच होय. दिवा खरा, पण त्याचा उजेड पडतो कशावर? उमेदवाराच्या विद्वत्तेवर नव्हे, सचोटीवरहि नव्हे! तेच लोक असेंहि विचारतात कीं, नेमणुकींत पक्ष येत नाहीं काय? येतो, हें आम्हांस मान्य आहे. परंतु नेमणुकीचें ऋण एकदांचें असतें. दर आठ वर्षांनीं पक्षाची उमेदवारी ज्यास मिळवावयाची, त्याचें ऋण कधींच फिटत नाहीं.

मिसूरी संस्थानानें १९४० सालीं मधला मार्ग काढला. तेथें वकील, नागरिक व न्यायाधीश यांचें मंडळ तीन नांवें सुचवितें, गव्हर्नर त्यांतून एकाची नेमणूक करतो, आणि हा न्यायाधीश राहावा कीं जावा, एवढाच प्रश्न पुढें मतदारांपुढें येतो. ही योजना निर्दोष आहे असें नाहीं. तथापि तींत लोकांचा अधिकार राहतो आणि पक्षाचें बिरुद मतपत्रिकेवरून जातें. हरलेल्या पक्षकारानें घरीं जातांना आपली बाजू लंगडी पडली असें म्हणावें. आपल्या पक्षाचे न्यायाधीश कमी पडले असें तो ज्या दिवशीं म्हणूं लागतो, त्या दिवशीं न्यायालय आणि विधिमंडळ यांत फरक तो काय उरला?